घर कौस्तुभला, पडवी शनिवारच्या बायकांना

मी, विनीता जितेंद्र चिंदरकर, वय वर्षे त्रेसष्ट, सेवानिवृत्त वरिष्ठ लिपिक, राहणार मेढा, मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग, माझ्या मिळकतीची माझ्या पश्चात काय व्यवस्था व्हावी हे या कागदावर लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हृदय तेवढे शाबूत नाही, पण मृत्युपत्राला बुद्धी लागते, हृदय चालते तसे चालवून घेतात, असे वकिलांनी सांगितले आहे. मला कोणी धमकावलेले नाही, कोणी भुलवलेले नाही. समजावायला मात्र पुष्कळ जण येऊन गेले. त्या सर्वांचे ऐकून घेऊन, कोणाचेही न मानता, हे लिहिले आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

वकिलांनी दिलेला नमुना दोन पानांचा होता. त्यात फक्त काय कोणाला एवढेच लिहायची जागा होती. का, हे लिहायला जागा नव्हती. मी सारी नोकरी सिंधुदुर्गनगरीच्या, म्हणजे ओरोसच्या, कचेरीत दुसऱ्यांच्या अर्जांवर टिपणी लिहिण्यात घालवली. टिपणीत कारण नसेल तर साहेब कागद परत पाठवत. म्हणून कारणांसह लिहिते.

कलम पहिले. हे आत्ताच का.

माझ्या हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या आहेत. गोव्यातल्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली आहे आणि ती लांबवू नका असेही सांगितले आहे. येत्या मार्च महिन्यात मला ओरोसच्या न्यायालयात एका खटल्यात साक्ष द्यायची आहे. शस्त्रक्रिया आधी केली तर साक्षीच्या तारखेला मी अंथरुणात असेन, किंवा नसेनच. मी साक्ष आधी आणि शस्त्रक्रिया नंतर असे ठरवले आहे. त्यात धोका आहे हे मला समजते. तो धोका माझा आहे आणि तो मी घेतला आहे. उद्या काही झाले तर डॉक्टरांना, वकिलांना किंवा जिच्यासाठी ही साक्ष आहे त्या सायमाला कोणी बोल लावू नये.

कलम दुसरे. सायकल.

ज्यांना मी ठाऊक नाही त्यांच्यासाठी हे लिहिणे भाग आहे, नाहीतर पुढचे कळणार नाही.

माझे माहेर पोईपचे. घरात सायकल होती, ती भावांची. आम्ही बहिणी ती पुसत असू. लग्नानंतर मालवणातून ओरोसला एस.टी.ने जाणे-येणे, यात आयुष्य गेले. माझे पती जितेंद्र एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये होते. मी निवृत्त झाले त्याच वर्षी ते गेले. त्यानंतर मी सकाळी उठून, तयार होऊन, स्टँडवर जाऊन उभी राहत असे. गाडी आली की चढत नसे. परत येत असे. हे मी कोणाला सांगितले नव्हते.

एका शनिवारी स्टँडवरून परतताना मी चिवल्याच्या किनाऱ्यावर गेले. ओहोटी होती. ओल्या, घट्ट वाळूवर सात-आठ बायका सायकल शिकत होत्या. म्हणजे पडत होत्या आणि हसत होत्या. त्यांना शिकवणारी मुलगी शिट्टी गळ्यात घालून पळत होती. ही सायमा जमाल मुकादम. हायस्कूलात विज्ञान शिकवते. तिच्या वडिलांचे, जमालभाईंचे, बाजारात जाळी आणि दोरखंडाचे दुकान आहे. तिने मला पाहिले आणि लांबूनच हाक मारली.

"काकी, बघत काय रवलात? येवा!"

"माझा वय झाला गो," मी म्हटले.

"वाळू वय इचारणा नाय. पडलात तरी लागाचा नाय, येवा."

पुढच्या शनिवारी मी पंजाबी ड्रेस घालून गेले. आयुष्यातला पहिला. रापणीचे मोठे जाळे किनाऱ्यावर ओढणारे लोक हातातला दोर धरून बघत उभे राहिले. एकाने विचारले, "बाई, खंय, गोव्याक चललात?" मी त्याला उत्तर देणार तोच तोल गेला आणि मी सायकलसह लाटेत बसले. सगळी रापण हसली. मीही हसले. जितेंद्र गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा.

मला तोल जमायला अख्खा हिवाळा लागला. मग रस्त्यावर आलो. कोळंबच्या पुलावरून आचऱ्याला, देवबागला, धामापूरच्या तळ्यावर. मंडळाचे नाव 'मालवण सायकल सोबती'. पुरुष वेगळे, ते लांब बांद्यापर्यंत जात आणि आल्यावर किती गेलो ते सांगत. आम्ही बायका कुठवर गेलो हे सांगत नसू, कुठे चहा चांगला मिळाला ते सांगत असू. कचेरीतल्या अनुभवामुळे मंडळाचे अर्ज, परवानग्या, बैठकीची टाचणे माझ्याकडे आली. मला पुन्हा काम मिळाले. स्टँडवर जाणे आपोआप थांबले.

कलम तिसरे. बैठक.

माझा मुलगा कौस्तुभ. माझा एकुलता एक. त्याचा खडी वाहतुकीचा व्यवसाय, स्वतःचे डंपर. तो वाईट माणूस नाही. हे मी आई म्हणून लिहीत नाही, मृत्युपत्रात खोटे लिहायचे नसते म्हणून लिहिते.

रस्त्याची कामे निघाली तसे डंपर वाढले. सकाळी मुले शाळेला निघतात, बायका मासळीच्या टोपल्या घेऊन निघतात, आम्ही सायकलवर असतो, त्याच वेळी डंपर भरधाव. सायमाच्या शाळेतल्या एका मुलाला आरसा लागून तो गटारात पडला, तेव्हा आम्ही डंपरमालकांना बैठकीला बोलावले. अर्ज मी लिहिला होता. मागणी एवढीच, की सकाळी शाळा भरेपर्यंत डंपर थांबवावेत.

सभागृहात एका बाजूला आम्ही, समोर मालक. समोरच्या रांगेत कौस्तुभ. मालकांनी तोंडी कबूल केले. घरी आल्यावर तो म्हणाला,

"आये, तू खंयच्या बाजूक बसलंस?"

"सायकलवाल्यांच्या," मी म्हटले. "आणि तुज्या समोर. दोन्ही खरां."

तो जेवला नाही. प्राजक्ता, माझी सून, ताट झाकून ठेवत म्हणाली, "आई, ते आज रागावलेत, उद्या ठीक होतील." उद्या ठीक झालाही. कबूल केलेलेही काही महिने सर्वांनी पाळले. मग कामाची मुदत जवळ आली, आणि कौस्तुभने चालकांना सांगितले की जो जास्त खेपा मारील त्याला वर पैसे. मी त्याला जेवताना, सर्वांदेखत म्हटले, हे करू नकोस. तो म्हणाला, "तुमची सायकल रस्त्यार येवच्या आधी माजे डंपर खाली होतीत. भिया नको."

कलम चौथे. चौक्याच्या वळणावर मी काय पाहिले आणि काय ऐकले.

मृत्युपत्रात साक्ष लिहीत नाहीत, असे वकील दोनदा म्हणाले. तरी लिहिते. मी न्यायालयात पोचले तर तिथे हेच सांगेन. न पोचले तर हे इथे राहील.

सन २०२३चा डिसेंबर, शनिवार, सकाळ. ऊन नुकते वर आले होते. आम्ही पाच जणी धामापूरला निघालो होतो. सायमा पुढे, तिच्यामागे अक्षया मेस्त्री, मग मी, माझ्या मागे दोघी. चौक्याच्या अलीकडे उतार आहे आणि उताराला वळण आहे. समोरून रिक्षा येत होती. तिच्या मागून डंपर आला आणि वळणावरच रिक्षाला मागे टाकायला आमच्या बाजूला शिरला.

सायमा डांबरावर नव्हती. ती डांबर सोडून बाहेर, तांबड्या मातीवर होती. तिने शिट्टी वाजवली होती, म्हणजे आम्हीही बाहेर व्हावे. आम्ही झालो. डंपर मातीवर आला.

मी पोचले तेव्हा तिचा डावा पाय गुडघ्याच्या खाली चाकाखाली होता. ती शुद्धीत होती. ती मला म्हणाली, "काकी, बाकीच्यो बऱ्यो आसत?" आम्ही सगळ्या बऱ्या होतो.

डंपर कौस्तुभचा होता. चालक बाळा विष्णू गावडे. तो खाली उतरला, रस्त्याच्या कडेला बसला आणि डोके दोन्ही हातांत धरले. तो मला ओळखतो, आमच्या घरी जेवलेला आहे. मी काही विचारण्याआधीच तो म्हणाला, आणि हे मी माझ्या कानांनी ऐकले:

"काकी, मी काय करू? मालकांनी सांगल्यानी, आठच्या आत तिसरी खेप होवकच होयी."

अक्षया तेव्हा सायमाच्या पायाला ओढणी बांधत होती, तिने हे ऐकलेले नाही. बाकीच्या दोघी मदतीला गाडी थांबवायला रस्त्यावर धावल्या होत्या. हे वाक्य फक्त मी ऐकले.

सायमाला गोव्याला नेणारी गाडी कौस्तुभची होती. फोन केल्यावर तो मिळेल तसा आला, त्याने तिला स्वतः उचलले, आणि गाडीत वाटभर तिच्याशी बोलत राहिला की झोपू नको, झोपू नको. त्याच्या शर्टावर तिचे रक्त होते. हेही मी पाहिले आहे आणि हेही साक्षीत सांगणार आहे.

पाय वाचला नाही.

कलम पाचवे. त्यानंतर.

दुसऱ्या दिवशी कौस्तुभ माझ्यासमोर बसला. शर्ट बदलला होता, डोळे सुजले होते.

"आये, पोलीस येतीत. इतक्याच सांग, ती एकदम मधी इली. आणि बाळा कायच बोललो नाय."

"ती मातयेत होती रे. डांबरार नाय होती."

"बाळा सगळा स्वतःवर घेता. मी त्याच्या पोराबाळांका बघतंय. तू कित्या मधी पडतंस?"

"माज्या कानांनी ऐकलंय म्हणान."

तो उठला. दारात थांबून म्हणाला, "तुका झील होयो की सायकली?" मला मुलगा हवा होता, तरी मी पोलिसांना खरे तेच सांगितले. आठवड्याच्या आत तो प्राजक्ता आणि माझी नात ओवी यांना घेऊन दोडामार्गला, सासऱ्यांच्या काजूच्या बागेवर राहायला गेला. माझ्याशी बोलणे बंद केले. प्राजक्ता फोन करते, तो बाहेर गेला की. ओवी फोनवर विचारते, आजी तू सायकलने इकडे का येत नाहीस. मी सांगते, लांब आहे.

तिकडे हे झाले आणि इकडे मी जमालभाईंच्या दारात गेले. सायमाला इस्पितळातून आणले होते. जमालभाई उंबऱ्यावर आले. त्यांनी आवाज चढवला नाही.

"बाई, तुमी खरां सांगलात ता माका म्हायत आसा. तुमचो राग नाय. पण तुमका बघलंय काय माका तो डंपर दिसता. तुमी येव नकात."

मी गेले नाही.

मंडळाची सभा झाली. सचिव मंगेश पेडणेकर सर्वांसमोर म्हणाले, डंपरवाल्याच्या आवशीने मंडळात राहावे का, याचा विचार व्हावा. कोणी काही बोलले नाही. ते न बोलणे मला मंगेशरावांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागले. मी टाचणे त्यांच्या हाती दिली आणि घरी आले. मुलाच्या बाजूने नाही म्हणून मुलगा गेला, मुलाची आई म्हणून मंडळ गेले. चिवल्यावरचे शनिवारही बंद पडले. शिकवणारीच नव्हती.

मी पुन्हा स्टँडवर जायला लागेन, याची मला भीती वाटू लागली. म्हणून एका शनिवारी मी एकटीच सायकल घेऊन किनाऱ्यावर गेले. वाळूवर मागे-पुढे करत राहिले. तिसऱ्या की चौथ्या शनिवारी मासळी विकणारी आनंदीबाई आली, म्हणाली, माका शिकव. मला शिकवता येत नाही. मी तिला नुसती सायकल धरून दिली. ती पडली. मीही तिच्यावर पडले.

तेव्हा मागून आवाज आला. "चाकाकडे बघू नको गो, फुडे बघ! काकी, शीट धरा, हँडल सोडा!"

सायमा कुबड्यांवर उभी होती. तिच्या मागे, लांब रस्त्यावर, जमालभाई प्लास्टिकची खुर्ची घेऊन येत होते. त्यांनी खुर्ची वाळूत ठेवली, तिला बसवले, माझ्याकडे न बघता दुकान उघडायला निघून गेले.

मी म्हटले, "सायमा, तू कित्या इलंस?"

"माजो एक पाय गेलो," ती म्हणाली, "आवाज खंय गेलो?"

तेव्हापासून शनिवार पुन्हा सुरू आहेत. ती खुर्चीवरून ओरडते, आम्ही धावतो. आता तिला कृत्रिम पाय बसवला आहे, पण वाळूत तो रुततो. ती पूर्वीसारखी नाही. मध्येच गप्प होते, कोणी उतारावरून जोरात आले की डोळे मिटून घेते. तिचे ठरलेले लग्न मोडले. ती त्याबद्दल बोलत नाही, म्हणून मीही इथे अधिक लिहीत नाही.

कलम सहावे. घर.

मेढा येथील घर व त्याखालची जागा माझी स्वकष्टार्जित आहे, माझ्या पगारातून घेतलेली, माझ्या एकटीच्या नावावर. वडिलोपार्जित हक्काचा प्रश्न येत नाही. या घराबद्दल मला तीन तऱ्हेचे सल्ले मिळाले.

माझ्या दिरांनी सांगितले, घर मुलाचे, त्याला काय झाले म्हणून तोडतेस. मंडळातल्या काहींनी सांगितले, आणि यात आता मंगेशरावही आहेत, की घर सायमाला द्या, तेच न्यायाचे. हे मलाही पटले होते. मी सायमाला तसे बोलले. ती खुर्चीतून उठली, माझा हात धरला आणि म्हणाली,

"काकी, माज्या पायाच्या बदल्यात तुमचां घर नको. त्या घरात रवलंय तर रोज सकाळी उठान आठवात, ह्यां माका कित्या गावलां. माका जा होया ता कोर्ट देयत नायतर नाय देयत. तुमी नका देव."

तिचे म्हणणे मला मान्य आहे. माझे घर म्हणजे कौस्तुभचा दंड नव्हे. तो दंड त्याचा त्याने भरायचा आहे, कोणत्या रूपात ते मी ठरवू शकत नाही.

तिसरा सल्ला वकिलांचा. घर कौस्तुभला द्यावे, पण त्याने न्यायालयात स्वतः खेपांबद्दल खरे सांगितले तरच, अशी अट घालून. कागद तसा तयारही झाला होता. मी तो दोन दिवस उशाशी ठेवला आणि मग फाडला. अट घातली म्हणून तो बोलला, तर ते माझे घर बोलेल. तो बोलणार नाही.

म्हणून मेढा येथील घर, पुढची पडवी सोडून, माझा मुलगा कौस्तुभ याला देत आहे. अट नाही.

कलम सातवे. पडवी.

रस्त्याकडची पडवी, तिचे वेगळे दार आणि बाहेरचा नळ, हे सर्व शनिवारी चिवल्यावर शिकणाऱ्या बायकांच्या वापरासाठी ठेवत आहे. सायकली तिथे ठेवाव्यात. चावी एक अक्षया मेस्त्रीकडे, एक सायमाकडे. कौस्तुभने घर विकले तरी हा हक्क जागेबरोबर राहील, असे शब्द वकिलांनी वेगळ्या कागदावर नीट लिहून दिले आहेत, तो कागद यासोबत जोडला आहे. कौस्तुभ त्या घरात राहायला आला, तर शनिवारी पहाटे त्याला दार उघडण्याचा, साखळ्यांचा आणि बायकांच्या हसण्याचा आवाज येईल. तो त्याने सहन करावा. माझी एवढीच इच्छा आहे. अट नव्हे.

कलम आठवे. माझी सायकल, हिरवी, पुढे वेताची टोपली असलेली, आनंदीबाईला द्यावी. ब्रेक बदलून द्यावेत.

कलम नववे. दागिने व शिल्लक.

पाटल्या प्राजक्ताला. तिने चोरून केलेल्या फोनांवर मी हे वर्ष काढले, हे तिला माहीत असावे. गळ्यातले ओवीला, ती मोठी झाल्यावर. बँकेतील शिल्लक माझ्या औषधपाण्याचा व अंत्यविधीचा खर्च वजा जाता ओवीच्या शिक्षणासाठी. तिला सायकल शिकवावी. कोणी शिकवायची हे मी सांगत नाही, पण चिवल्याची वाळू चांगली आहे.

मंगेश पेडणेकर यांना पडवीत येण्यास मज्जाव नाही, ते पंक्चर चांगले काढतात. माझ्या शोकसभेत मात्र त्यांना भाषण करू देऊ नये.

कलम दहावे. बाळा गावडे.

बाळाला, त्याची पत्नी तुळसा हिला किंवा त्यांच्या मुलांना या मृत्युपत्राने मी एक पैसाही देत नाही. द्यायची फार इच्छा होती. बाळाने पोलिसांना सांगितले आहे की मालकाने काही सांगितले नव्हते, आपलीच घाई होती. सगळी शिक्षा तो भोगील. त्याची मुले लहान आहेत, तुळसा पापड लाटते, घर कौस्तुभ पाठवतो त्यावर चालते. पण मी काही ठेवले तर उद्या लोक म्हणतील की म्हातारीने त्याचे तोंड विकत घेतले. एका बाजूने ते विकत घेतलेले आहेच. दुसऱ्या बाजूने मला घ्यायचे नाही. तुळसाने मला क्षमा करावी.

कलम अकरावे. कौस्तुभ आला होता.

हे कलम मागाहून वाढवत आहे. शस्त्रक्रियेचे प्राजक्ताकडून कळल्यावर कौस्तुभ परवा आला. वर्षाने आला. स्वयंपाकघरात पाटावर बसला, पूर्वी बसायचा तसा. मी चहा केला. त्याच्या कानशिलाचे केस पांढरे झाले आहेत, हे मला कोणी सांगितले नव्हते.

"आये, आधी ऑपरेशन कर. कोर्टाची तारीख फुडे ढकलता येता. मी वकिलांका इचारलंय."

"तारीख फुडे गेली, आणि मी नाय रवलंय तर?"

"असां बोलू नको."

"बोलतंय. मी गेलंय तर बाळान सांगलेलां कोण सांगतलो?"

मला विचारायचे नव्हते, पण विचारले. "कौस्तुभ, खरां सांग. तुका माजो जीव होयो की माजी गैरहजेरी?"

मला वाटले तो चिडेल, उठून जाईल. तो उठला नाही. त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला,

"आये, माकाच कळणा नाय."

आणि रडला. लहानपणी पडल्यावर रडायचा तसा, आवाज न करता. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. साक्ष आधी देणार हे बदलले नाही, हेही त्याला सांगितले. जाताना त्याने चप्पल घातली, पुन्हा काढली, आत येऊन माझ्या पाया पडला आणि गेला. साक्षीच्या दिवशी तो कोणत्या बाजूला बसेल मला ठाऊक नाही. त्याचे उत्तर मी इथे लिहून ठेवते, कारण गेल्या वर्षभरात मला मिळालेले सर्वांत खरे उत्तर तेच आहे.

माझे अंत्यविधी कौस्तुभनेच करावेत. तो हक्क मी कोणालाही देत नाही.

कलम बारावे. व्यवस्थापक व साक्षीदार.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी अक्षया मेस्त्री हिने करावी. ती औषधाचे दुकान चालवते, हिशेबाला चोख आहे आणि कोणाला घाबरत नाही.

साक्षीदार म्हणून माझ्या शेजारच्या रुक्मिणी वालावलकर यांना बोलावले. दुसरा साक्षीदार म्हणून मी बाळा गावडे याला बोलावले. वकील म्हणाले, असे करू नका, तो खटल्यातला आरोपी आहे. मी विचारले, कायद्याने मनाई आहे का. ते म्हणाले, मनाई नाही, पण शहाणपण नाही. मी म्हटले, मग बोलवा.

बाळा आज सकाळी आला. दारातच उभा राहिला. जामिनावर सुटल्यापासून तो अर्धा झाला आहे.

"काकी, माका कित्या बोलवलात?"

वकिलांनी त्याला समजावले, की साक्षीदाराने फक्त सही माझी आहे एवढे बघायचे असते, आत काय लिहिले आहे त्याच्याशी त्याचा संबंध नाही, वाचायचीही गरज नाही. मी म्हटले, सही कर किंवा करू नको, पण एक कलम ऐकून घे. आणि मी चौथे कलम वाचले.

तो भिंतीला टेकून ऐकत होता. मी विचारले, "बाळा, मी खोटां लिवलंय काय?"

त्याने मान हलवली. मग म्हणाला, "खोटां नाय."

"कोर्टात सांगशीत?"

"काकी, पोरां आसत माका." एवढेच म्हणाला. रुक्मिणीबाई पदराने डोळे पुसू लागल्या. मला वाटले तो आता जाईल, आणि त्याला अडवायचे नाही असे मी ठरवले. पण तो खाली बसला आणि म्हणाला, "परत वाचा."

मी परत वाचले. मग त्याने पेन मागितले.

येथे मृत्युपत्र संपले. वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला आणि खालील दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली. त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत केली.

ठिकाण: मेढा, मालवण
दिनांक: १७ फेब्रुवारी २०२५

(सही) विनीता जितेंद्र चिंदरकर

साक्षीदार
१. (सही) रुक्मिणी शांताराम वालावलकर, राहणार मेढा, मालवण

२. (सही) बाळा विष्णू गावडे, राहणार चौके
सहीखाली साक्षीदार क्रमांक दोन यांनी स्वहस्ते लिहिले: कलम चौथा दोनदा ऐकलंय. खरां आसा.